हातभर बाह्या

१९ सप्टेंबर २००५

पहिल्या पानावर नाव टाकायचं असते म्हणून टाकते. प्रभावती, दहावी पास, मारेगाव. दीपा म्हणाली, आई तू बोलून बोलून माझं डोकं खाते, त्यापेक्षा लिहून काढत जा. डायरी गेल्या सालची आहे. कृषी केंद्रवाल्यानं दीपाच्या बाबाले देलती, कोरीच पडून होती. दर पानाखाली बियाण्याची जाहिरात, बोंडं अशी टचटचीत फुटलेली की पाहतच राहावं. आपल्या इकडं कोणाच्या वावरात तशी फुटली, ते मले दाखवा.

आजपासून माझी मशीन परवेजभाईच्या रेडिमेड दुकानाच्या ओट्यावर. कापड घेऊन शिवणारे आता राह्यले नाहीत. दीपाचे बाबा जिनिंगमध्ये हमाल, तिथं कापसाच्या गाड्या येणं बंद, तर ते घरी बसून. सगळ्यायची तीच गत. तयार फ्रॉक स्वस्त पडते, लोक तेच नेतात. अन् ते फ्रॉक कसे? नागपूरहून येतात, बाही नाही, पाठ उघडी, घेर गुडघ्याच्या वर. घरी नेले की आजी बोंबलते, दुसऱ्या दिवशी परत. परवेजभाई कंटाळून गेलता. मीच म्हटलं, भाऊ, माल परत घेऊ नको, माझ्याकडं पाठव, मी झाकून देते. तो हसला, म्हणाला, "ताई, बात तो सही है, बैठो."

३० सप्टेंबर

चालून राह्यलं बाप्पा. लोक मले बाहीवाली म्हणू लागले.

बाहीले कापड कुठून आणायचं, यातच सगळी गंमत आहे. रेडिमेडच्या आत एक चिंधी जास्त नसते, कंपनीवाले महाकंजूष. मग मी फ्रॉकच्या कमरेचा मोठा बो उसवते, त्याच्या दोन बाह्या निघतात. पंजाबी ड्रेस असला तर ओढणीतून काढते. ओढणी वीतभर आखूड झाली तर कोणाच्या बापाले समजत नाही. अन् बाहीच्या टोकाले दोन बोटं कापड आत दुमडून ठेवते. लेकरू सालभरात वाढते, मग मायनं ते उसवावं अन् बाही लांब करून घ्यावी. हे मले कोणी शिकवलं नाही, दीपा लहान होती तेव्हा गरजेनं सुचलं.

दीपा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाले आहे. कॉलेजातून आली की माझ्याजवळ काज-बटनाले बसते. तोंड चालूच. म्हणते, आई तू साऱ्या तालुक्याच्या पोरीयले गोधडीत गुंडाळशील. अन् स्वतः आखूड बाहीचा कुर्ता घालून बसते, माझ्याच ओट्यावर, माझ्याच गिऱ्हाइकासमोर. रोज भांडण.

४ ऑक्टोबर

बाजाराचा दिवस. झरीकडची एक बाई आली, नंदाबाई. संगं सहा-सात वर्षाची पोरगी, ममता. गुलाबी फ्रॉक घेतला अन् म्हणे, बाई, याले हातभर बाह्या लाव, मनगटापर्यंत. म्हटलं एवढ्याशा लेकराले हातभर कायले, उकडन तिले. तर तिनं पोरीचा हात वर करून दाखवला. कोड. कोपराले रुपयाएवढा डाग, दंडावर आणखी एक. शाळेत कोणी संगं बसू देत नाही म्हणे.

बाह्या लावून देल्या, धंदा आहे, नाही कसं म्हणू. पण टेप काही तिच्या अंगाले लावला नाही. दुरूनच अंदाज घेतला. तोच टेप मग दुसऱ्याच्या लेकराले लावायचा असते. त्या दोघी गेल्यावर कैची साबणानं धुऊन घेतली.

दीपा बटन लावत होती. एरवी टोमणा मारला असता, आज नुसता दोराच ओवत राह्यली. घरी आल्यावर विचारलं, आई, ते लागते काय? म्हटलं, लागो का न लागो, आपण काहून हात लावा. अन् पोरीच्या जातीले कोड निघालं म्हणजे संपलंच, कोण करते तिच्याशी लग्न.

दीपा जेवली नाही. कॉलेजात काहीतरी खाल्लं असन.

१४ ऑक्टोबर

दसऱ्याले नागपूरले गेलतो, दीक्षाभूमीवर. पाय ठेवाले जागा नव्हती. मन भरून आलं.

पण खरी गोष्ट वेगळीच. निघायच्या आधी दीपानं तिचा पांढरा ड्रेस माझ्यासमोर टाकला अन् म्हणाली, बाह्या लाव. मनगटापर्यंत. मी पाहतच राह्यली. म्हटलं, सूर्य कुठून उगवला व? तर म्हणाली, "तूच जिंकली, आई." अन् आज घरातले सगळे कुर्ते काढून मशीनवर आणून ठेवले. सगळ्यायले हातभर.

वीस वर्षं कानीकपाळी ओरडली, शेवटी ऐकलं पोट्टीनं. आता गिऱ्हाइकाले मी तिलेच दाखवते. पाहा म्हणते, माझी पोरगी कॉलेजात जाते, तरी कशी अंगभर राहते.

६ नोव्हेंबर

ईदले दीपा नाहिदच्या घरी गेलती. नाहिद म्हणजे परवेजभाईची लहान बहीण, दीपाच्याच वर्गात आहे. येताना दोन्ही हाताले मेंदी, कोपराच्याही वरपर्यंत. एवढी तर नवरी काढत नाही. म्हटलं, बाह्याखाली कोणाले दिसणार आहे ते? म्हणे, मलेच पाहायची आहे.

आणखी एक नाटक. दीपाच्या बाबानं कुठून तरी मासोळ्या आणल्या. पोरीचा जीव मासोळीवर, पण हात लावला नाही. लोणचंही सोडलं, ताकही सोडलं. पित्त होते म्हणे. वाळून राह्यली आहे. मी सांगून थकली.

२८ डिसेंबर

आता मले संशय येऊन राह्यला.

दीपाच्या पिशवीत एक बाटली सापडली. काळसर तेल, कडू वास. म्हणे केसाले लावते. केस तर कोरडे फक्क. दुपारी मागच्या अंगणात न्हाणीच्या आडोशाले उन्हात जाऊन बसते, आतून फळी लावून घेते. पुस्तक नेते, पण पान उलटल्याचा आवाज येत नाही. बाहेर येते तर चेहरा लालबुंद, डोळे सुजलेले. दर महिन्याले नाहिदसंगं यवतमाळले जाते. फॉर्म भरायचा आहे म्हणे. एवढे कशाचे फॉर्म?

मीही कधी वीस वर्षाची होती. तेल, मेंदी, उपास, एकटं बसून रडणं. कोणीतरी पोट्टा आहे. तो हो-नाही करून राह्यला असन अन् ही झुरून राह्यली.

दीपाच्या बाबाले सांगितलं. ते म्हणाले, तिलेच विचार ना. हे माणूस असंच. विचारून कोणती पोरगी सांगते?

९ फेब्रुवारी २००६

स्थळ आलं. कळंबचा पोरगा, प्रफुल्ल, शाळेत शिपाई आहे. आपल्याच समाजातले, देणंघेणं काही मागत नाहीत. पोराले माय नाही, आत्या आहे, बेबीताई. तीच सगळं पाहते.

यंदा लग्नं निघूनच नाही राह्यली. कापूस घरात पडून, भाव नाही, ज्याच्या घरी पोरगी त्यानं लग्न पुढच्या सालावर ढकललं. अशा दिवसात नोकरीवाला पोरगा आपल्या दारी चालत आला. दीपाचे बाबा म्हणतात, बी.ए. होऊ दे. मी म्हटलं, बी.ए. होईपर्यंत ती हातची जाईन, मग बसा प्रमाणपत्र फ्रेम करून. ते चपला घालून बाहेर निघून गेले.

५ मार्च

पाहून गेले. पसंत.

बेबीताई मोठी बोलकी बाई. दीपाच्या बाह्याले हात लावून पाह्यला अन् म्हणाली, आजकालच्या पोरी पाहा अन् ही पाहा, वळण म्हणतात ते हे. मी सांगितलं, माझ्याच हातची शिलाई आहे. माझी छाती अशी भरून आली, काय सांगू.

ते गेल्यावर दीपा मले म्हणाली, "आई, त्यायले आधी सगळं सांगितलं पाहिजे."

मी समजली. तिले वाटते मी भोळी आहे. म्हटलं, जे असन ते पोटात ठेव, सासरच्यायले काही सांगायचं नसते, अन् मलेही सांगू नको. मले ऐकायचंच नाही. ती उठून भांडे घासाले गेली. चला, तेवढं तरी मिटलं.

२० एप्रिल

उद्या साक्षगंध. लग्न पक्कं होणार.

आज प्रफुल्लचा भाऊ साडी देऊन गेला. अबोली रंगाची, बारीक जर. आपल्या इकडं नवऱ्याकडची साडी साक्षगंधाले त्यायच्याच बायका आत येऊन नेसवतात. संगं शिवलेला ब्लाऊज. मापाचा ब्लाऊज मीच पाठवला होता, पण त्यायनं बाह्या आखूड केल्या. अगदी खांद्याखाली चार बोटं.

दीपानं घालून पाह्यला नाही. ब्लाऊज हातात धरून माझ्यासमोर बसली.

"आई, याले बाह्या लाव."

म्हटलं, याच्या रंगाचं कापड कुठून आणू?

"साडीच्या खोचायच्या टोकातून काढ. तू लोकाच्या साड्यातून काढते. मले माहीत आहे तुले येते."

येते ना. अर्ध्या तासाचं काम आहे. पण त्यायच्या घरून आलेल्या साडीले, अंगाले लागायच्या आधी कैची लावायची? आपण अपशकुन मानत नाही, बावीस प्रतिज्ञा घेतलेले लोक आहो, पण बेबीताई काय म्हणन? नेसवताना साडी आखूड निघाली तर? अन् खरं सांगू, माझ्या मनात दुसरंच होतं. एवढे महिने झाकली, आता एक दिवस दिसू दे. माझी पोरगी गोरी आहे, हात भरलेले आहेत, पाहू दे त्यायले. तसंच म्हटलं तिले, हसत हसत.

ती म्हणाली, "लाव ना आई. मी कधी काही मागितलं काय?"

डोळ्यात पाणी होतं. मी रागावली. शुभ कामाच्या आदल्या दिवशी रडते म्हणून बोलली. नाही लावल्या.

२१ एप्रिल

लिहिवत नाही.

२४ एप्रिल

लिहून टाकते, नाहीतर छाती फुटन.

त्यायच्या दोघी बायका दीपाले नेसवाले आत गेल्या. दीपानं त्यायले ओट्यावर बसवलं अन् मीच नेसते म्हणाली. बाहेर आली ती पदर दोन्ही खांद्यावरून अंगभर गुंडाळून. वर पंखा नाही, एप्रिलचं ऊन, लोक घामानं भिजलेले. मले वाटलं लाजून राह्यली. त्रिशरण झालं, पंचशील झालं. मग बेबीताईनं हिरव्या बांगड्या भराले तिचा हात ओढला अन् गमतीनं म्हणाली, एवढी काय लाजते व, आम्ही काय परके आहो? अन् पदर सोडवला.

उजव्या दंडावर कोड. लहान नाही, माझ्या तळव्याएवढं. त्याच्या कडेनं कातडी भाजल्यासारखी लाल. डाव्या हातावर कोपराच्या वर आणखी दोन.

बेबीताईनं हात सोडून दिला, विस्तव सोडावा तसा.

"हे काय आहे?"

दीपा म्हणाली, "कोड आहे."

एवढं सरळ. जसं काही ती कधीची तयारच होती. प्रफुल्ल खाली मान घालून बसला. पोरगा वाईट नव्हता, एकदा आत्याकडं पाह्यलं त्यानं, मग चपला शोधू लागला. स्वयंपाक तसाच राह्यला. साडी परत मागतली. दीपानं आत जाऊन जुना ड्रेस घातला, साडीची नीट घडी केली अन् स्वतः आणून देल्ली. बेबीताईनं घडी हातात घेतली नाही, पिशवी पुढं केली.

जाताना दारात माझ्याजवळ थांबली. "तुम्ही तर बाहीवाल्या. लपवणं तुम्हाले चांगलं जमते."

मी म्हटलं, बाई, मले माहीत नव्हतं, लेकराची शपथ. कोण खरं मानते? मायले पोरीचा दंड माहीत नाही? अन् तो माझाच धंदा.

मले खरंच माहीत नव्हतं. सहा महिन्यात मी तिचा उघडा हात पाह्यला नाही, एकदा दिसला तो मेंदीनं झाकलेला, अन् त्याचीच शेखी मिरवत बसली.

१० मे

परवेजभाईच्या ओट्यावर आज तिघी जणी आल्या. तिघींच्या हातात माझ्याच हातचे ड्रेस. म्हणे, बाह्या काढून द्या.

मले आधी समजलं नाही. एकजण खालच्या आवाजात म्हणाली, लोक आता विचारतात ना ताई, हातभर बाह्या काहून घालते म्हणून. पोरीचं लग्नाचं वय आहे. हात दिसलेले बरे.

दिवसभर उसवत बसली. बोमधून काढलेल्या बाह्यायचे परत बो करून कमरेले लावले. ओढणीतून काढलेलं कापड कुठं लावणार, तशाच चिंध्या टोपलीत टाकल्या. संध्याकाळी एक बाई आली अन् कपडा हातात घ्यायच्या आधी म्हणाली, याले दीपाचा हात तर नाही ना लागला? मी तिच्या अंगावर ओरडली. डॉक्टर लोक सांगतात की ते लागत नाही, शिकलेल्या आहात ना तुम्ही, घरात बाबासाहेबांचा फोटो आहे ना? ती कपडा घेऊन निघून गेली. तिच्या मागं आणखी दोघी.

ओरडता ओरडता मले टेप दिसला, गळ्यातच होता. तो काढून मशीनच्या खणात टाकला.

परवेजभाई चांगला माणूस. चहा मागवला. मग डोळे दुसरीकडं करून म्हणाला, ताई, थोडे दिन मशीन घर पे रखो. त्याचंही पोट आहे.

२२ मे

नाहिद येऊन गेली. तिनंच सगळं सांगितलं. सप्टेंबरात पहिला ठिपका दिसला, भात शिजताना शीत चिकटावं एवढा. यवतमाळच्या डॉक्टरकडं दोघी जात होत्या. डॉक्टर म्हणे, वेळेवर आली, औषध लाव, कोवळं ऊन घे, घाबरायचं कारण नाही. ही घाबरून दुपारच्या उन्हात बसायची, लवकर बरं व्हावं म्हणून. त्यानंच हात भाजला. तरी डाग थोडे भरत आले होते म्हणे. लग्नाचं निघालं अन् पुन्हा वाढले.

नाहिद गेल्यावर मी दीपाजवळ बसली. म्हटलं, मले काहून नाही सांगितलं, बाई? मी माय आहे तुझी.

ती भिंतीकडं पाहत होती. म्हणाली, "तू त्या पोरीले टेप लावला नव्हता."

 

५ जून

बाटली कोनाड्यात तशीच आहे. आज मीच घेऊन गेली, म्हटलं, चल, सकाळचं ऊन आहे, मी लावून देते. दीपा म्हणाली, राहू दे. कॉलेज सोडलं. घरातल्या घरात, दार लावलेलं असतानाही हातभर बाह्या घालून बसते. मी उसवून देऊ काय विचारलं, तर ड्रेस दोन्ही हातानं धरून ठेवला.

दीपाचे बाबा कामाच्या शोधात पांढरकवड्याकडं जातात अन् परत येतात. रात्री तिघं जेवतो, भांडे वाजतात तेवढाच आवाज. या घरात मी बोलून बोलून डोकं खात होती, ते खरं वाटत नाही आता.

१८ जून

नंदाबाई आली. झरीवाली. दुकानाच्या ओट्यावर मी दिसली नाही तर विचारत विचारत घरी आली. संगं ममता. तोच गुलाबी फ्रॉक, पार विटलेला.

म्हणाली, बाई, बाह्या पहिल्या दिवसापासूनच तोकड्या झाल्या, मनगट उघडं राहते, अन् आता तर काखेत काचते. तिनं तक्रार केली नाही, नुसतं सांगितलं. अंदाजानं बेतलं तर दुसरं काय होणार.

मी टेप घेतला. पोरीचा हात हातात धरला. गरम होता, धुळीनं भरलेला, लेकराचा हात असतो तसाच. खांद्यापासून मनगटापर्यंत टेप नीट दाबून लावला, दंडाचा घेर घेतला, कोपराचा घेतला. डाग आता मनगटाच्या अलीकडं आला होता. ममता हसत होती, तिले गुदगुल्या होत होत्या. मी नंदाबाईले म्हटलं, यवतमाळले डॉक्टर आहे, लवकर नेलं तर बरं होते. तिनं मान हलवली. बसचं भाडं काढूनच ती बाजाराले येते, यवतमाळ कुठून जमन. तरी पत्ता लिहून दिला. तिनं तो घडी करून बटव्यात ठेवला. वाचता येत नाही तिले.

टोपलीतल्या चिंध्यात गुलाबी कापड सापडलं. उसवलेल्या बाह्यायचं. मी बेतून घेतलं अन् कापाले लागली तर मागं दीपा उभी होती. दोन महिन्यात ती पहिल्यांदा परक्या माणसासमोर आली. ममताकडं पाहत होती. ममतानं तिच्या मनगटापर्यंतच्या बाह्या पाह्यल्या अन् आपल्या मायले म्हणाली, अशा पाहिजे मले.

मले वाटलं, दीपा आता काही बोलन त्या लेकराले. अशा बाह्या घालू नको म्हणन, घाबरू नको म्हणन. मी वाट पाहत होती.

दीपा खाली बसली, माझ्या हातातलं कापड चाचपून पाह्यलं.

"आत जास्त ठेव, आई. तिले पुढं लागन."

मी किती ठेवू म्हणून विचारलं नाही. जेवढं कापड होतं तेवढं आत दुमडलं अन् टाके घातले.